मिठातलं औषध

लश्कर, ग्वाल्हेर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

हत्तीरोगाच्या कामासाठी दतियाकडे जायचं ठरवलंस, वाचून काळीज सुपाएवढं झालं. डीईसी हे हत्तीरोगावरचं औषध गोळ्यांऐवजी मिठातून दिलं तर ते सुरक्षित राहील का, असं तू विचारलं आहेस. प्रबंधाचा आराखडा लिहायच्या आधी एक हिशेब मांड. या मिठात औषध साधारण ०.२ ते ०.४ टक्के असतं. माणूस दिवसाला १० ग्रॅम मीठ खात असेल, तर ०.२ टक्क्यांच्या मिठातून रोज २० मिलिग्रॅम औषध पोटात जातं. गावोगाव औषध वाटायच्या मोहिमेत मोठ्या माणसाला गोळ्यांतून एकदम ३०० मिलिग्रॅम देतात. मिठाला तिथवर यायला पंधरा दिवस लागतात. डाळ उकळली तरी औषध नासत नाही. चीनमध्ये ०.३ टक्क्यांचं मीठ सहा सहा महिने खाऊ घातलं. २००७ मध्ये त्या देशातून हा रोग हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं.

ही संथ चालच मला मोलाची वाटते. हत्तीरोगाच्या जंतूंच्या रक्तातल्या सूक्ष्म अळ्या एकदम मेल्या की ताप येतो, डोकं दुखतं, उलटी होते. बुंदेलखंडातल्या एका वस्तीत गोळ्या वाटताना घाईत मी हे सांगितलंच नाही. रात्री एका तरुणाला ताप भरला. सकाळी गेले तर उकिरड्यावर पांढऱ्या गोळ्या पडलेल्या. कुणी भांडलं नाही, पण एकही दार उघडेना. ताप आला म्हणजे त्याच्या रक्तात जंतू असणार, औषधाची सगळ्यांत जास्त गरज त्यालाच होती. मिठानं हा त्रास सौम्य होतो, तरी तू आधी सांगच, आणि बुंदेलीत सांग.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते लिहिते. गोळी आपण हातावर ठेवतो, म्हणून गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल, फार आजारी माणूस यांना वगळता येतं. मिठाची बरणी मात्र घरात सगळ्यांची एकच. म्हणून दारोदार विचार: कुणाला दिवस गेलेत का, कुणाला मूत्रपिंडाचा आजार आहे का, कुणी मध्य आफ्रिकेत कामाला राहून आलंय का. तिकडच्या लोआ लोआ नावाच्या दुसऱ्या जंतूच्या अळ्यांची रक्तात गर्दी असेल, तर या औषधानं मेंदूवर बेतू शकतं. अशा घराला माझ्या मते साधं मीठच द्यावं. सासूनं हो म्हटलं म्हणून सुनेचं हो धरू नकोस. आणि औषधाच्या मिठातही आयोडीन हवंच, नाहीतर एक रोग घालवताना गलगंड मागे लावून घ्यायचा.

रक्ताचे थेंब रात्री आठनंतर घे. आपल्याकडच्या अळ्या दिवसा बाहेरच्या रक्तात क्वचितच सापडतात. निघायची तारीख कळव. माझी काचपट्ट्यांची जुनी पेटी पुसून ठेवते.

तुझी,
डॉक्टरमावशी