कादंबरीवरून खेळ रचताना
आवडत्या कादंबरीवरून भूमिका-खेळ, म्हणजे प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतो असा खेळ, रचायला घेतलात की मूळ कथानकच खेळवण्याचा मोह होईल. तो आवरा, कारण शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत खेळाडूंच्या निर्णयांना किंमत उरत नाही. २०११ साली आलेल्या ‘द वन रिंग’ या खेळाने टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबऱ्यांच्या मधला काळ निवडला, हे मला फार शहाणपणाचे वाटते. त्यात प्रवासालाच स्वतंत्र नियम आहेत: एक जण वाट दाखवतो, एक पुढे जाऊन टेहळणी करतो, एक शिकार आणतो, एक पहारा देतो. मूळ कथेत पायपिटीला लढाईइतकेच महत्त्व असल्यामुळे हे नियम तिला शोभतात. तुमच्या कादंबरीतली पात्रे नेमकी कशाने झिजतात ते आधी ओळखा आणि पहिला नियम त्याचाच लिहा. शस्त्रांचे तक्ते मागाहून करता येतील.