बापाने पोराला मारल्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरतोय, लोक त्याच्या घरावर जायचं म्हणताहेत. काय करावं?

आधी 1098 लावा, ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो. मारहाण आत्ता चालू असेल तर 112, म्हणजे पोलिसांचा तातडीचा नंबर. नुसतं ‘शिरपूरकडचं’ सांगून गाडी पोचत नाही. गाव, पाडा किंवा वस्ती, जवळची खूण, पोराचं अंदाजे वय आणि ते अजून त्याच घरात आहे का, एवढं सांगा. पोर अहिराणी किंवा पावरीच (पावरा आदिवासींची बोली) बोलत असेल तर तेही आत्ताच सांगा, नाहीतर जबाबात अर्धं हरवतं.

व्हिडिओ पुढे ढकलू नका, चेहरा झाकूनसुद्धा नाही. बापाचं नाव, गल्ली, शाळा टाकली की पोर ओळखू येतंच. बाल न्याय कायदा 2015, कलम 74: ओळख उघड केल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गंमत बघा, मारणाऱ्यावर लागणारं कलम 75 तिथेच पुढच्या ओळीत आहे: 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख दंड किंवा दोन्ही. मूळ फाइल, पाठवणाऱ्याचा नंबर, वेळ जपून ठेवा आणि पोलिसांना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून द्या. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की फाइल लहान होऊन चित्र खराब होतं.

घरावर जमाव नको. व्हिडिओ कुठला, कधीचा, हे ग्रुपमध्ये कोणालाच ठाऊक नसतं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला पोरं पळवण्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या जमातीतल्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारलं. आणि माणसं दारात जमली की घरचे पोराला मामाकडे धाडतात, मग पोराच्या संरक्षणाचा निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे उभं कोणाला करणार?