माचू पिच्चूच्या थडग्यांतून कळलेला प्राणी नामशेष झाला आहे का?

नाही, तो जिवंत आहे. आपण ज्याच्याविषयी विचारले आहे तो प्राणी म्हणजे कस्कोमिस ऑब्लाटिव्हस. तो उंदरासारखा दिसत असला, तरी त्याचे नाते घरातल्या उंदरापेक्षा गिनी पिग आणि चिंचिला यांच्याशी जवळचे आहे, आणि त्याच न्यायाने आपल्याकडचे साळिंदरही त्याला उंदरापेक्षा जवळचे ठरते.

अमेरिकी संशोधक हिराम बिंगहॅम यांच्या १९१२ च्या मोहिमेत पेरूतील माचू पिच्चू या प्राचीन इंका नगरीच्या थडग्यांतून मानवी अवशेषांबरोबर या प्राण्याच्या कवट्या मिळाल्या आणि १९१६ मध्ये जॉर्ज ईटन यांनी त्यांवरून ही जात नोंदवली. ही हाडे तेथे अन्न म्हणून आली की अन्य कारणाने, याविषयी तर्क पुष्कळ झाले, परंतु केवळ हाडांवरून त्याचा निवाडा करणे मला धाडसाचे वाटते. जिवंत प्राणी मात्र कोणीच पाहिला नव्हता, त्यामुळे इंका काळानंतर तो संपला असावा असे मानले जाई.

त्यानंतर या गोष्टीला वळण देणारा पुरावा चक्क विझल नावाच्या छोट्या शिकारी प्राण्यामुळे मिळाला. १९९७ मध्ये विल्काबांबा पर्वतरांगेत, ३,३०० मीटरहून अधिक उंचीवरील धुक्याच्या जंगलात, प्राणिशास्त्रज्ञ लुईस एमन्स यांना याच प्राण्यासारखा एक मेलेला प्राणी सापडला. त्याला बहुधा विझलनेच मारले असावे. करडी दाट फर, नाकापासून डोक्यावर गेलेला पांढरा पट्टा आणि झाडावर चढण्याजोगे रुंद पाय असलेल्या या सुमारे एक किलो वजनाच्या प्राण्यासाठी त्यांनी १९९९ मध्ये कस्कोमिस ही नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) स्थापन केली, तेथील आशानिंका लोकांवरून जातीला आशानिंका हे नाव दिले आणि थडग्यांतली जुनी जातही त्याच प्रजातीत, तिच्या शेजारी आणून बसवली.

थडग्यातल्या जातीचा जिवंत पुरावा त्यानंतर दहा वर्षांनी मिळाला. २००९ मध्ये माचू पिच्चूजवळच्या विन्याय वायना या अवशेषांपाशी अभयारण्याच्या एका रक्षकाने अशा प्राण्याचे छायाचित्र टिपले, आणि पेरू व मेक्सिकोच्या संशोधकांनी नंतर तेथे जाऊन शोध घेतल्याचे वृत्त २०१४ मध्ये आले. म्हणजे जगभरातले पर्यटक ज्या पायवाटेने माचू पिच्चूला चालत जातात, तिच्याच कडेला हा प्राणी राहत होता. दाट जंगलात, झाडांवर वावरणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत ‘कोणी पाहिला नाही’ एवढ्यावरून ‘उरला नाही’ असा निष्कर्ष काढणे किती कच्चे असते, हे त्या कवट्यांचा अभ्यास करणाऱ्यांना तेव्हा कळणे मात्र अशक्यच होते.