एका चित्रपटाने दुसऱ्याकडून केलेली उसनवारी शोधायला बसलायस, तर आधी हे

अरे, पहिल्याच आठवड्यात पन्नास चित्रपटांची यादी करू नकोस. एकच जोडी घे: 'स्टार वॉर्स' (१९७७) आणि जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 'द हिडन फोर्ट्रेस' (१९५८). आधी जपानी. तो सोलापुरात पडद्यावर लागायची वाट बघू नकोस, घरीच सबटायटल लावून बघ. दोन भांडकुदळ शेतकऱ्यांच्या नजरेतून गोष्ट कशी सरकते ते पाहा, मग 'स्टार वॉर्स'चा दिग्दर्शक जॉर्ज लुकासचे दोन यंत्रमानव आले की आपोआप हसशील. एक दृश्य पुसत दुसरं आणायची पद्धतही कुरोसावांची लाडकी.

नवखे चुकतात ते इथे:

- साम्य दिसलं की 'चोरी' म्हणून मोकळे. काय घेतलं यापेक्षा काय बदललं ते वहीत लिही.
- नुसती कथा बघतात, संकलन निसटतं. 'स्टार वॉर्स'मधल्या शेवटच्या हल्ल्यासाठी लुकासनी जुन्या युद्धपटांतली विमानांची दृश्यं जोडून कच्चा आराखडा केला होता.
- वर्षं बघत नाहीत. 'घोस्ट इन द शेल' १९९५चा, 'द मॅट्रिक्स' १९९९चा. कोणी कोणाकडून घेतलं हे उलटं सांगणारे नवी पेठेत हमखास भेटतील!

लेन्सबिन्सचं नंतर बघू. ही जोडी झाली की कळव, पुढची देतो.