मेलने आलेला पॅच गिटमध्ये घेताना: वाचकांचे प्रश्न

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम. लिनक्स कर्नलचे (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) आणि खुद्द गिटचे काम आजही मेलवरून चालते. बदल करणारा पॅच, म्हणजे कोणत्या ओळी बदलल्या याचा मजकूर, मेलने पाठवतो, बाकीचे तो वाचतात, त्यावर बोलतात, आणि देखभाल करणारा तो आपल्या रेपॉझिटरीत (कोड आणि त्याचा इतिहास असलेल्या साठ्यात) उतरवून घेतो. या पद्धतीबद्दल गोव्यातल्या फर्मागुडीपासून वाळपईपर्यंतच्या वाचकांनी विचारले, याचा मला मनापासून आनंद आहे. पाच पत्रे निवडून उत्तरे देतो. दोन आज्ञा वारंवार येतील: ‘गिट एएम’ पूर्ण मेल घेऊन त्यातला बदल इतिहासात नोंदवते, ‘गिट अप्लाय’ नुसत्या ओळी बदलते. इतिहासातल्या अशा एका नोंदीला कमिट म्हणतात.

प्रश्न: सर, मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जीमेलमध्ये मेल उघडून त्यातला पॅच कॉपी केला, फाईलमध्ये पेस्ट केला आणि ‘गिट एएम’ चालवले. ‘पॅच फॉरमॅट डिटेक्शन फेल्ड’ असे आले. मग ‘गिट अप्लाय’ करून पाहिले, तर ‘करप्ट पॅच ॲट लाईन २३’. पाठवणाऱ्याकडे मात्र तो व्यवस्थित चालतो.

उत्तर: पॅच बिघडला तो पेस्ट करताना. ब्राउझर मेल दाखवतो तो माणसाने वाचावा म्हणून, आणि पॅच वाचायचा असतो गिटला. पॅचच्या प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर महत्त्वाचे असते: अधिक चिन्ह म्हणजे नवी ओळ, वजा म्हणजे काढलेली ओळ, मोकळी जागा म्हणजे जशीच्या तशी राहिलेली ओळ. शिवाय प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर, दोन ‘ॲट’ चिन्हांच्या मध्ये, पुढे किती ओळी यायच्या ते लिहिलेले असते. एखादी लांब ओळ मधेच तुटली की तिच्या उरलेल्या अर्ध्या भागाच्या सुरुवातीला या तिन्हींपैकी काहीच नसते. गिट तिथेच थांबते. टॅबच्या जागी स्पेस आल्या तर ओळ दिसते तशीच, पण जुळत नाही, आणि हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

पहिला संदेश का आला तेही पाहा. ‘गिट एएम’ला पूर्ण मेल लागतो: कोणाकडून, कधी, विषय काय, हे हेडर धरून. तू फक्त पोटातला मजकूर दिलास, म्हणून हा मेल आहे हेच त्याला ओळखता आले नाही.

जीमेलमध्ये मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जाऊन ‘शो ओरिजिनल’ उघड आणि तिथून ‘डाऊनलोड ओरिजिनल’ कर. जी फाईल मिळेल ती न उघडता, न बदलता ‘गिट एएम’ला दे. एक मात्र सांभाळ: हीच फाईल ‘गिट अप्लाय’ला देऊ नकोस. मेल प्रवासात कधी कधी सांकेतिक रूपात असतो, ‘=’ या चिन्हाच्या जागी ‘=३डी’ असे काहीतरी दिसते. ‘गिट एएम’ ते उलगडून घेते, ‘गिट अप्लाय’ उलगडत नाही.

आणि एवढे करूनही पॅच मोडकाच निघाला, तर पाठवणाऱ्यानेच तो जीमेलच्या खिडकीत पेस्ट करून पाठवला असणार. जीमेलची वेबची खिडकी टॅबच्या स्पेस करते आणि लांब ओळी मोडते. त्याला गिटच्याच ‘गिट सेंड-ईमेल’ या मेल पाठवणाऱ्या आज्ञेने पुन्हा पाठवायला सांग. मोडलेला पॅच हाताने जोडत बसू नये असे माझे ठाम मत आहे. जोडलेला पॅच लागला तरी तो त्याने लिहिलेलाच आहे, याची खात्री राहत नाही.

प्रश्न: मी वेर्ण्याला एका कंपनीत आहे. सहकाऱ्याने मेलवर पाठवलेला पॅच मी ‘गिट अप्लाय’ने घेतला आणि कमिट केला. आता लॉगमध्ये लेखक म्हणून माझे नाव दिसते. काम त्याचे, नाव माझे, आणि तो नाराज आहे.

उत्तर: त्याची नाराजी रास्त आहे. ‘गिट अप्लाय’ फक्त फाईलींमधल्या ओळी बदलते. बदल कोणी केला, का केला, याच्याशी तिचे देणेघेणे नाही. कमिट तुम्ही केलात, म्हणून नाव तुमचे लागले. ‘गिट एएम’ मेलच्या हेडरमधून लेखकाचे नाव आणि तारीख घेते, विषयाची ओळ कमिटचे शीर्षक होते, खालचा खुलासा कमिटचा संदेश होतो. गिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा या दोन वेगळ्या नोंदी आहेत त्या याचसाठी: त्याने लिहिले आणि तुम्ही उतरवून घेतले, दोन्ही खरे आणि दोन्ही लिहिलेले. नाव देवनागरीत असले तरी ते नीट येते.

कमिट अजून ‘पुश’ केला नसेल, म्हणजे इतरांकडे पाठवला नसेल, तर ‘गिट कमिट’ला ‘अमेंड’ आणि ‘ऑथर’ हे पर्याय देऊन त्याचे नाव लावा. आजच लावा.

जाता जाता, मेलमध्ये तीन आडव्या रेघांच्या ओळीनंतर आणि प्रत्यक्ष बदलाच्या आधी लिहिलेला मजकूर कमिटमध्ये जात नाही. ‘गेल्या वेळच्या सूचना दुरुस्त केल्या’ अशा गोष्टी लिहायची ती हक्काची जागा. कमिटमध्ये कायम राहावे असे काही मात्र चुकूनही तिथे लिहू नका.

प्रश्न: डिचोलीहून लिहितो आहे. मेल मूळ रूपात उतरवला, पॅच कुठेही मोडलेला नाही, तरी ‘पॅच डझ नॉट अप्लाय’ येते. पॅच दोन महिने जुना आहे. टाकून द्यायचा का?

उत्तर: मुळीच नाही. ही अडचण समजून घेण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात: पूर्वेला अमक्याचे कुळागर, पश्चिमेला ओहोळ. पॅचही आपली जागा तशीच सांगतो. ओळीचा क्रमांक त्यात असतो, पण खरी ओळख पटते ती बदलाच्या वरच्या आणि खालच्या तीन-तीन ओळींवरून. फाईलमध्ये वर कुठेतरी वीस ओळी वाढल्या तर गिट तो तुकडा खाली शोधून बसवते. पण त्या शेजारच्या ओळीच कोणी बदलल्या असतील तर ते थांबते. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेला ‘पॅच’ हा जुना प्रोग्रॅम अशा वेळी थोडेफार चालवून घेतो. गिट आपणहून चालवून घेत नाही. मला गिटचे हे पटते, कारण चुकीच्या जागी गुपचूप बसलेला बदल शोधणे फार जड जाते.

तुम्ही ‘गिट एएम’ला ‘थ्री-वे’ हा पर्याय देऊन पाहा. प्रत्येक फाईलच्या बदलाआधी ‘इंडेक्स’ने सुरू होणारी एक ओळ असते. तिच्यात बदलापूर्वीच्या आणि बदलानंतरच्या फाईलची ओळख म्हणून दोन हॅश (मजकुरावरून काढलेले सांकेतिक क्रमांक) असतात. बदलापूर्वीची ती फाईल तुमच्या रेपॉझिटरीच्या इतिहासात सापडली, तर गिट तिला पाया धरते आणि एका बाजूने तुमचे आजचे रूप, दुसऱ्या बाजूने पॅचचे रूप घेऊन नेहमीचा मर्ज करते, म्हणजे दोन्हींकडचे बदल एकत्र करते. बऱ्याचदा तेवढ्याने काम होते. नाही झाले तर फाईलमध्ये कॉन्फ्लिक्टच्या, म्हणजे दोन बदल एकाच जागी आल्याच्या, ओळखीच्या खुणा येतात. त्या सोडवा, ‘गिट ॲड’ करा आणि ‘गिट एएम’ला ‘कंटिन्यू’ सांगा. इथे ‘गिट कमिट’ करू नका, लेखकाचे नाव पुन्हा हरवेल.

‘रेपॉझिटरी लॅक्स नेसेसरी ब्लॉब्ज’ असा संदेश आला तर ती जुनी फाईल तुमच्याकडे नाहीच. आधी ‘गिट फेच’ करून मूळ रेपॉझिटरीतला इतिहास आणा. मेलच्या तळाशी ‘बेस-कमिट’ अशी ओळ आहे का तेही बघा. असेल तर त्या कमिटवरून नवी ब्रँच (कामाची वेगळी शाखा) काढा, पॅच तिथे लावा, आणि मग ती ब्रँच आजच्या कोडवर रीबेस करा, म्हणजे तिच्यातला बदल आजच्या कोडवर पुन्हा बसवा. ही ओळ आपोआप येत नाही, पाठवणाऱ्याला पॅचची फाईल तयार करणाऱ्या ‘फॉरमॅट-पॅच’ला ‘बेस’ पर्याय द्यावा लागतो. तुम्ही स्वतः पॅच पाठवाल तेव्हा ती जरूर घाला.

फाईली विंडोजच्या पद्धतीच्या असतील तर आणखी एक शक्यता आहे. ‘गिट एएम’ ओळीच्या शेवटची सीआर खूण काढून टाकते. प्रोजेक्टमधल्या फाईलींत ती असेल तर ‘कीप-सीआर’ द्या.

प्रश्न: मी वाळपईला राहते. पावसात इथे नेटवर्क आणि लाईट दोन्हींचा भरवसा नसतो. परवा पॅच लावताना कॉन्फ्लिक्ट आला, तेवढ्यात लाईट गेली, कॉम्प्युटर बंद. आता दुसरा पॅच लावायला गेले की ‘प्रीव्हियस रीबेस डिरेक्टरी स्टिल एक्झिस्ट्स’ येते.

उत्तर: घाबरू नका, अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद तेवढी शिल्लक आहे. आधी ‘गिट स्टेटस’ बघा. काम पुढे न्यायचे असेल तर कॉन्फ्लिक्ट सोडवून ‘कंटिन्यू’. सगळे सोडून पॅच लावण्याआधीच्या स्थितीत जायचे असेल तर ‘अबॉर्ट’. डॉट-गिटमधले ते फोल्डर हाताने पुसू नका.

नेटवर्कचे म्हणाल, तर ही पद्धत तुमच्यासाठी उत्तम आहे. ‘गिट एएम’ला इंटरनेट लागतच नाही. रेंज असेल तेव्हा थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये मेल पूर्ण उतरवून घ्या. मग वाचणे, लावणे, तपासणे, उत्तर लिहून ठेवणे, सगळे रेंज नसतानाही होते.

प्रश्न: म्हापशात मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. एका बदलाचे सात मेल आले, वर एक प्रस्तावनेचा मेल, आणि चार दिवसांनी सगळ्यांची दुसरी आवृत्ती. कुठून सुरू करू? आणि अनोळखी माणसाचा पॅच मुलांच्या कॉम्प्युटरवर लावावा का?

उत्तर: दुसरी आवृत्ती संपूर्ण असेल तर पहिली बाजूला ठेवा. दोन्ही एकावर एक लावायच्या नसतात. प्रस्तावनेच्या मेलमध्ये बदल नसतो, तो फक्त वाचायचा. उरलेले सात क्रमाने द्या, कारण विषयात ‘सातपैकी तीन’ लिहिले असले तरी ‘गिट एएम’ त्यावरून क्रम लावत नाही, तुम्ही फाईली ज्या क्रमाने देता तोच धरते. फाईलींच्या नावाआधी ०००१, ०००२ असे आकडे घातले की काम सोपे होते. कर्नलच्या मेलिंग लिस्टवरचे पॅच असतील तर ‘बी-फोर’ हे साधन अख्खी मालिका, सर्वात नवी आवृत्ती, योग्य क्रमाने आणून देते.

अनोळखी पॅचबद्दल सावध राहा. मेलवर ‘कोणाकडून’ म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, आणि ‘गिट एएम’ त्यावर विश्वास ठेवते. नुसता लावल्याने पॅचमधला कोड चालत नाही, पण त्यानंतर तुम्ही बिल्ड किंवा टेस्ट चालवता तेव्हा चालतो. म्हणून मेल सांकेतिक रूपात नसेल तर मुलांना आधी ‘गिट अप्लाय’ला ‘स्टॅट’ देऊन कोणत्या फाईली बदलतात ते बघायला शिकवा; याने पॅच लागत नाही, नुसती यादी दिसते. टायपो दुरुस्त करतो म्हणणारा पॅच मेकफाईलला, म्हणजे बिल्डच्या आज्ञा असलेल्या फाईलला, हात लावत असेल तर तिथेच थांबायचे. बाकीचा पॅच ओळन् ओळ वाचायचा, आणि मगच वेगळ्या ब्रँचवर लावायचा.