ड्रेप फाटायची वाट पाहू नका

“वरून अजून एक टॉवेल टाका सिस्टर.” तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला घेतलं. सिझेरियनला जखमेभोवती अंथरलेला ड्रेप, म्हणजे धुऊन पुन्हा वापरायचं हिरवं लिनन, चिंब होतो, सर्जन वरून कोरडा टॉवेल टाकायला लावतात, मॅनेजमेंट म्हणतं लिनन अजून धडधाकट आहे, मग सगळं डिस्पोजेबल (एकदा वापरून टाकायचं) करावं का, असं तुम्ही विचारलंय. माझी बरीच नोकरी याच भांडणात गेली.

हात स्क्रब करणं, गाऊन घालणं, टेबलाच्या पातळीखालचं स्टराइल (निर्जंतुक) न धरणं, हे ओटी (ऑपरेशन थिएटर) इन्चार्जला सांगायला नको. साधं सुती कापड ओलं झालं की खालच्या कातडीवरचे, गादीवरचे जंतू ओल्या धाग्यांतून वर येतात. वरचा टॉवेल नाइलाज म्हणून ठीक, पण मध्ये पाणी अडवणारा निर्जंतुक थर नसेल तर थोड्या वेळात तोही ओलाच.

आता खरं दुखणं. आमच्याकडे लिनन बदलायचा अधिकार ओटीकडे नव्हता, स्टोअरकडे होता. आणि स्टोअरचा नियम एकच: फाटलेलं दाखवा, नवं न्या. ड्रेप झिजून जाळीदार झालाय, उजेडासमोर धरला तर पलीकडची खिडकी दिसते, तरी तो ‘चालू स्थितीत’. खरं तर कापड फाटण्याच्या कितीतरी आधी त्याची अडवण्याची ताकद संपलेली असते. पाणी अडवण्याची प्रक्रिया केलेलं चांगलं सुती कापडसुद्धा साधारण ७५ धुण्यांपर्यंतच भरवशाचं धरतात. आमचं तर साधं लिनन, आणि किती धुणी झाली याची नोंद कुठेच नाही.

फाटलेलं नेलं तरी नवं मिळेलच असं नाही. आधी शिंप्याकडे. तो मशीनवर ठिगळ लावून द्यायचा, आणि ठिगळाच्या चारी बाजूंनी सुईची भोकं. एक भोक बुजवायला पन्नास नवी! (ठिगळ लावायचंच तर उष्णतेने चिकटणारं लावतात, शिवत नाहीत.)

शेवटी स्टीलच्या बेसिनवर ड्रेप ताणून धरला आणि स्टोअरच्या साहेबांसमोर वाटीभर सलाइन ओतलं. ते दमभरही न थांबता बेसिनमध्ये. साहेब म्हणाले, “कापड आहे, पाणी जाणारच.” मग “लेखी द्या”. लेखी दिलं. त्यावर शेरा आला, ‘कंडमनेशन कमिटीपुढे ठेवावे’ (निकामी सामान बाद ठरवणारी कमिटी), आणि कमिटी काही बसेना. मधल्या काळात टाके पिकण्याच्या केसेस वाढल्या तेव्हा एसी तपासला, आमच्या नाकाघशाचे स्वॅब घेतले, ओटी धुऊन काढली. ड्रेपकडे कुणी बघितलं नाही. ड्रेपमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, जखम पिकायला सतरा कारणं असतात. पण ज्या गोष्टीची चाचणी एका वाटीत होते ती सोडून बाकी सगळं तपासलं, याचा राग अजून आहे.

तर माझं मत, आणि हे मतच समजा. मी मायक्रोबायोलॉजिस्ट नाही, तुमच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीचा शब्द अंतिम. सगळं डिस्पोजेबल करायची गरज नाही. डब्ल्यूएचओच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना निर्जंतुक डिस्पोजेबल आणि निर्जंतुक धुण्याजोगे, दोन्ही चालतील असंच म्हणतात. मी असते तर सिझेरियन, आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीतून सांध्याचं ऑपरेशन), हिप (खुब्याचं ऑपरेशन) अशा ‘पाण्याच्या’ केसेसना डिस्पोजेबल घेतलं असतं, सिझेरियनला पाणी गोळा करणारी पिशवी जोडलेलं. लायपोमा (चरबीची गाठ), हर्नियाला चांगलं लिनन पुरतं. पण लिननच्या कोपऱ्यात चौकटी छापून घ्या आणि प्रत्येक धुण्याला एक खूण करा. आकडा समोर असला की ‘अजून चांगलं आहे’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं.

डिस्पोजेबल घेताना जीएसएमवर (दर चौरस मीटरला कापडाचं वजन किती ग्रॅम) भुलू नका. सप्लायर जाडी दाखवतो, पण पाणी अडवतो तो एसएमएस (तीन थरांच्या न विणलेल्या) कापडातला मधला, अतिबारीक धाग्यांचा मेल्टब्लोन थर. ईएन १३७९५ (ड्रेप-गाऊनसाठीचं युरोपीय मानक) चा टेस्ट रिपोर्ट मागा. त्यात ड्रेपच्या जखमेजवळच्या भागाने साध्या दर्जात किमान ३० सेंमी आणि उच्च दर्जात १०० सेंमी उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सहन करायला हवा. रिपोर्ट ‘पाठवतो’ म्हणून गायब होणारा सप्लायर तिथेच बाद करा. चिरा द्यायच्या जागी कातडीवर चिकटणारी प्लास्टिक इन्साइज फिल्म केवळ इन्फेक्शन टाळायला म्हणून कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. त्याच २०१६ च्या सूचना ती त्यासाठी वापरू नका म्हणतात.

विचारलं नाहीत तरी दोन गोष्टी. ड्रेप एकदा ठेवला की जखमेकडे सरकवायचा नाही, आणि टॉवेल क्लिपचं टोक आरपार गेलं असेल तर ती काढून दुसरीकडे लावायची नाही. सर्जन लोक हे सर्रास करतात आणि वर आपल्यालाच विचारतात काय बिघडलं. दुसरं, कातडीला लावलेलं स्पिरिटवालं प्रेप (जंतुनाशक) पूर्ण वाळल्याशिवाय ड्रेप टाकू देऊ नका, निदान ३ मिनिटं आणि कातडी खरंच कोरडी दिसेपर्यंत. ड्रेपखाली वाफ कोंडली आणि कॉटरी (रक्त थांबवायला विजेने डाग देणारं उपकरण) लागली तर पेट घेतं. घाई कितीही असो, यावर तुम्ही अडून बसा.

डिस्पोजेबलचा हिशेब मांडताना पिवळ्या पिशवीतला (संसर्गजन्य) वाढलेला कचराही धरा, नाहीतर अकाउंट्सवाले पहिल्याच मीटिंगला त्यावरून फाइल परत पाठवतील.