वाचकांचे प्रश्न : युरोपातल्या जुन्या गावभागातलं स्वस्त हॉटेल

उन्हाळी सुट्टीचं आरक्षण सुरू झालं की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो : कॅथेड्रलला लागून खोली मिळतेय, भाडं निम्मं आहे, गोम काय? गोम बहुतेक वेळा इमारतीत असते. तीनचारशे वर्षांच्या वाड्यात नळ, तारा आणि लिफ्ट मागाहून बसवलेली असते. ती कशी बसवली आहे, यावर तुमचा मुक्काम सुखाचा होणार की नाही हे ठरतं.

रोमच्या जुन्या शहरात एका हॉटेलची खोली पाहिली आहे. 'तिसरा मजला, लिफ्टची सोय' असं लिहिलंय. आम्ही दोघं साठी उलटलेले आहोत, पत्नीला गुडघ्यांचा त्रास आहे. घ्यावी का?

'लिफ्टची सोय' एवढ्यावर आरक्षण करू नका. हॉटेलला मेल पाठवून तीन गोष्टी विचारा : रस्त्यावरच्या दारापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या? लिफ्टमधून उतरल्यावर खोलीपर्यंत किती? आणि लिफ्टमध्ये माणसं किती मावतात? अशा इमारतींत जिन्याच्या मधल्या पोकळीत लिफ्ट बसवतात, त्यामुळे ती पुष्कळदा तळाशी नसून सात-आठ पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते. पिंजरा दोन माणसांचा किंवा एक माणूस आणि एक मोठी बॅग एवढाच. आत किलोंत वजन लिहिलेली पट्टी असते, ती गंभीरपणे घ्या. मेलला आकड्यात उत्तर आलं तर हॉटेल भरवशाचं. 'थोड्याच पायऱ्या आहेत' असं आलं तर तुमच्या बाबतीत आम्ही दुसरी खोली बघू.

जुन्या लिफ्टला बाहेर एक दार आणि आत दोन झडपा असतात. उतरल्यावर बाहेरचं दार आणि आतल्या दोन्ही झडपा स्वतः हाताने नीट लावायच्या. एक जरी अर्धवट राहिली तरी लिफ्ट त्याच मजल्यावर अडकते आणि अख्ख्या इमारतीला जिना चढावा लागतो. रात्री अकराला दारावर कोणी थापा मारल्या तर आधी लिफ्टचं ते दार आठवा.

मजल्यांच्या आकड्यावरही जाऊ नका. बार्सिलोनाच्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर 'एन्त्रेसुएलो' नावाचा मजला, त्यावर 'प्रिन्सिपाल' आणि मग पहिला मजला. म्हणजे कागदावरचा तिसरा मजला प्रत्यक्षात पाचवा निघतो. म्हणून मजला विचारू नका, पायऱ्या विचारा.

उंचसखल शहरांत हाच हिशेब रस्त्यालाही लागू होतो. लिस्बनचा अल्फामा किंवा एडिनबराचं ओल्ड टाउन इथे 'स्थानकापासून ४०० मीटर' हे अंतर नकाशावर सपाट दिसतं, पण वाटेत सलग जिना असू शकतो. नकाशात चालण्याचा मार्ग काढून चढ किती मीटरचा आहे ते बघा. व्हेनिसमध्ये चढ नाही, पण चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. तिथे जलबसच्या थांब्यापासून हॉटेलपर्यंत किती पूल लागतात, हेच विचारायचं.

भाड्याची गाडी घेऊन फ्लोरेन्सला जाणार आहोत. हॉटेल ऐन गावात आहे. दारापर्यंत गाडी नेता येईल का?

परवान्याशिवाय नाही. इटलीतल्या बहुतेक जुन्या गावभागांत मर्यादित वाहतुकीचा पट्टा असतो, त्याला 'झेडटीएल' म्हणतात. हद्दीवरचा कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. पोलीस अडवत नाही, फाटक नसतं, त्यामुळे आत शिरल्याचं कळतही नाही. दंडाची नोटीस परदेशात राहणाऱ्याला ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते. तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीवाली कंपनी वेगळं शुल्क कापते, ते दंडात धरलेलं नसतं.

हॉटेलला पाहुण्याच्या गाडीचा नंबर नगरपालिकेला कळवता येतो. पण भाड्याच्या गाडीचा नंबर ताब्यात मिळेपर्यंत तुम्हालाच माहीत नसतो. म्हणून गाडी हातात आली की प्लेटचा फोटो हॉटेलला पाठवा, 'नोंदवला' असं लेखी उत्तर येऊ द्या आणि मगच हद्द ओलांडा. ही परवानगी सहसा सामान उतरवून गॅरेजपर्यंत जाण्यापुरती असते. रस्त्यावर गाडी लावून ठेवायची मुभा त्यात येत नाही.

हद्दीवरच्या विजेच्या पाटीवर 'वारको आत्तीवो' असेल तर बंदी चालू आहे, 'नॉन आत्तीवो' असेल तर आत जाता येतं. पुष्कळ जण नेमका उलटा अर्थ लावतात. आमचं मत विचाराल तर गाडी हद्दीबाहेरच्या वाहनतळात ठेवा आणि ट्रामने आत या.

सगळे पैसे आगाऊ भरले होते. तरी निघताना हॉटेलने माणशी आणखी रक्कम घेतली. ही फसवणूक नाही का?

बहुधा नाही. तो नगरपालिकेचा मुक्काम-कर असतो. आरक्षणाच्या पानावर तो तळाशी बारीक अक्षरात असतो आणि बऱ्याच ठिकाणी हॉटेलातच भरायचा असतो. पद्धत शहरागणिक वेगळी. लिस्बनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून माणशी दर रात्री ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्री, तेरा वर्षांखालच्या मुलांना माफ. रोममध्ये हॉटेलच्या दर्जानुसार दर बदलतो आणि सलग दहा रात्रींपर्यंत कर लागतो. प्रागमध्ये माणशी ५० कोरुना. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये मात्र खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के. चौघांच्या कुटुंबाचा पाच रात्रींचा कर जोडला की 'स्वस्त' हॉटेल शेजारच्यापेक्षा महाग निघू शकतं, तेव्हा तुलना कर धरूनच करा. छोट्या हॉटेलांना हा कर रोख हवा असतो. सुटे युरो जवळ ठेवा आणि पावती मागून घ्या.

व्हेनिसचं प्रवेशशुल्क वेगळं. २०२४ पासून ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून ते घेतात. व्हेनिस पालिकेच्या हद्दीत मुक्काम असेल तर माफी आहे, आणि खाडीपलीकडचं मेस्त्रे त्याच हद्दीत येतं. पण माफीचा कोड ऑनलाइन काढून फोनमध्ये ठेवावा लागतो.

पैशांबद्दल आणखी दोन गोष्टी. कार्डाच्या यंत्राने 'रुपये की युरो' विचारलं तर युरो निवडा, कारण रुपयांचा दर यंत्रवाला स्वतःच्या फायद्याचा लावतो. आणि 'कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर आरक्षण रद्द' असा संदेश लिंकसह आला, मग तो आरक्षणाच्या अ‍ॅपमधूनच का येईना, तर लिंक न उघडता हॉटेलला फोन करा. हॉटेलचं खातं चोरून असे संदेश पाठवले जातात.

ऑक्टोबरच्या शेवटी इटलीत जातोय. स्वस्त खोलीत हीटर असेल ना? आणि उन्हाळ्यात जाणाऱ्या मित्राला एसी मिळेल का?

रेडिएटर असेल, पण तो चालू असेलच असं नाही. इटलीत इमारतींची मध्यवर्ती उष्णता सरकारी तारखांनुसार चालते आणि देशाचे त्यासाठी हवामानानुसार पट्टे पाडले आहेत. रोम आणि फ्लोरेन्सच्या पट्ट्यात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त १२ तास. मिलान, व्हेनिस, बोलोन्याकडे १५ ऑक्टोबरपासून, १४ तास. नेपल्सला १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च, १० तास. ऑक्टोबरअखेर फ्लोरेन्सच्या दगडी भिंतींच्या खोलीत रेडिएटर गार लागला तर तो बिघडलेला असेलच असं नाही. उष्ण हवा देणारा एसी खोलीत आहे का, एवढं आधी विचारा. नसेल तर जादा ब्लँकेट पहिल्याच संध्याकाळी मागून ठेवा, कारण रात्री स्वागतकक्षात कोणी नसतं.

उन्हाळ्यात पेच उलटा. वारसा-इमारतीच्या दर्शनी भिंतीवर एसीचं बाहेरचं यंत्र सहसा लावू देत नाहीत, ते आतल्या चौकात लावतात. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी एसी चौकाकडच्या खोल्यांना असतो आणि रस्त्याकडच्या देखण्या खोलीला पंखा. सगळ्यात स्वस्त खोली बहुधा कौलांखालची. दिवसभर तापलेलं छप्पर मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये एसीशिवाय ती घेऊ नका. मधल्या मजल्यावरची जाड भिंतींची खोली पुष्कळ बरी, फक्त लाकडी झडपा उन्हाच्या बाजूला सकाळीच बंद करायच्या आणि रात्री उघडायच्या. याच जाड भिंती वायफाय अडवतात, तेव्हा खोलीत रेंज नसल्याची तक्रार करण्यात फारसा अर्थ नाही.

आवाजासाठी चौकाकडची खोली बरी असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. खाली उपाहारगृह असेल तर त्याचा धूर बाहेर फेकणारा पंखा आणि सगळ्या एसींची यंत्रं त्याच चौकात घुमतात. चौकाकडची पण वरच्या मजल्यावरची खोली मागा. रस्त्याकडचीच मिळाली तर शुक्रवार-शनिवारी बारचा गलका आणि भल्या पहाटे रिकाम्या काचेच्या बाटल्या गाडीत ओतल्याचा खळखळाट गृहीत धरा. मेणाचे कानबोळे सोबत हवेतच.

न्हाणीघराबद्दल कोणी नीट लिहीत नाही. नेमकं काय सांभाळायचं?

पहिली गोष्ट : बहुतेक ठिकाणी जमिनीला मोरी नसते. पाणी फक्त शॉवरच्या तबकातून जातं. बादली-तांब्याने बाहेर अंघोळ केली तर पाणी लाकडी तुळयांमधून खालच्या घराच्या छताला पोहोचतं आणि त्याचं बिल तुम्हाला येतं. पडदा तबकाच्या आत सोडून मगच शॉवर चालू करा.

दारात ठेच लागेल अशी उंच पायरी असते. नवीन सांडपाण्याच्या नळीला उतार मिळावा म्हणून जमीन उचललेली असते. रात्री दिवा लावूनच आत जा. काही ठिकाणी कमोडमागे पांढरी पेटी दिसते. तो मैला दळून बारीक नळीतून पुढे ढकलणारा पंप. पाणी सोडलं की घरघरतो, ते ठीक आहे. पण त्यात ओला टिश्यू (वेट वाइप) किंवा सॅनिटरी पॅड गेलं की पंप बंद आणि संडासही बंद. ग्रीसमध्ये नळ्या इतक्या अरुंद असतात की कागदसुद्धा शेजारच्या डब्यातच टाकायचा. कमोडजवळ धुण्यासाठी पाण्याचा फवारा मिळेलच असं समजू नका. इटलीत बिडे (बसून धुण्याचं, नळ असलेलं भांडं) पुष्कळ ठिकाणी असतो, बाकीकडे एक रिकामी बाटली पुरते.

इटलीत शॉवरजवळ छतापासून लोंबणारी दोरी दिसली तर तिच्यावर टॉवेल वाळत घालू नका. ती मदतीची घंटा आहे.

गरम पाणी : खोलीत ८० लिटरची टाकी आणि १२०० वॉटचं कॉइल असेल तर टाकी रिकामी झाल्यावर पुन्हा पूर्ण तापायला साधारण साडेतीन तास लागतात. दोघांच्या अंघोळी सकाळी, दोघांच्या रात्री, असं वाटून घ्या. न्हाणीत गटाराचा वास येत असेल तर आधी दोन मिनिटं सगळे नळ सोडून बघा. खोली बरेच दिवस रिकामी राहिली की जाळीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकतं आणि वास वर येतो. तरी गेला नाही तर खोली बदलून मागा.

विमान रात्री साडेदहाला उतरतं. छोट्या हॉटेलात उशिरा पोहोचलं तर?

अशा हॉटेलांचा स्वागतकक्ष रात्री आठ-दहाला बंद होतो. पोहोचण्याची वेळ आधी लेखी कळवा, नाहीतर 'पाहुणा आला नाही' अशी नोंद होऊन पुढच्या रात्रीही रद्द होतात. मध्यरात्रीनंतर पोहोचणार असाल तर आरक्षण आदल्या तारखेचं हवं. १२ तारखेच्या पहाटे दीडला झोपायचं असेल तर ११ ची रात्र घ्यावी लागते.

दाराचा कोड, बाहेरच्या दाराचा फोटो आणि घंटेवरचं नाव मागून घ्या. हॉटेल इमारतीच्या एकाच मजल्यावर असेल तर रस्त्यावर पाटी नसते, घंटांच्या ओळीत एक छोटं लेबल असतं. किल्ल्याही तीन : रस्त्याची, मजल्याची, खोलीची. फ्लोरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन मालिका आहेत, दुकानांची लाल आणि घरांची निळी किंवा काळी, त्यामुळे लाल २५ आणि निळा २५ एकमेकांपासून लांब असू शकतात. व्हेनिसमध्ये क्रमांक रस्त्याचा नसून अख्ख्या विभागाचा, म्हणून चार आकडीही असतो. तिथे पत्त्यापेक्षा नकाशावरची खूण मागा.

दोघांच्या खोलीत चौघं राहिलो तर चालेल का? गादी खाली घालू.

चालणार नाही. प्रत्येक पाहुण्याची नोंद कायद्याने करावी लागते, इटलीत तर ती २४ तासांत पोलिसांकडे जाते. म्हणून लहान मुलांसकट सगळ्यांचे पासपोर्ट मागतात. खोलीत किती माणसं, हेही ठरलेलं असतं. चार खाटांची खोली शोधा किंवा शेजारशेजारच्या दोन घ्या, आणि व्हिसासाठीच्या आरक्षणपत्रावर चौघांचीही नावं आहेत ना ते बघा.

ढेकणांची भीती वाटते.

भीती रास्त आहे, पण ढेकूण महागड्या हॉटेलातही असतात. बॅग आधी न्हाणीघरात ठेवा, पलंगावर नको. चादर उचलून गादीच्या शिवणी, कोपरे आणि डोक्याकडची फळी मोबाइलच्या टॉर्चने बघा. शाईसारखे बारीक ठिपके, ढेकणाची सुकलेली कात किंवा सफरचंदाच्या बीएवढा तपकिरी किडा दिसला तर फोटो काढा आणि दुसरी खोली मागा, मात्र शेजारची, वरची किंवा खालची नको. घरी परतल्यावर कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये जास्तीत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा. धुता न येणाऱ्या वस्तू पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान चार दिवस ठेवा.